नऊ नंबरच्या कोठडीतली वायरिंग

जुन्या तुरुंगाचं कलाकेंद्र होणार म्हणून सगळे खुशीत होते, एक वायरमन सोडून. त्या तुरुंगात त्याने तीन वर्षं दोन महिने काढले होते. त्याने ज्या गोदामात फिटिंग केलं तिथून तांब्याच्या केबलची बंडलं चोरीला गेली, आणि चाव्या त्याच्याकडे होत्या, एवढ्यावरून त्याला आत टाकलं. कोर्टाने शेवटी निर्दोष सोडलं, पण तोवर त्याची तान्ही मुलगी शाळेत जायला लागली होती. घरी आलेल्या बापाला ती कितीतरी दिवस काका म्हणत होती.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. कलाकेंद्राच्या विजेचं काम नेमकं त्याच्या मेव्हण्याला मिळालं. मेव्हणा घरी येऊन बसला. "दाजी, त्या दगडात वायरी बसवायला झिऱ्या मारायच्या आहेत. तुमच्याशिवाय कोणाचा हात चालणार नाही." बायको भावावर चिडली, नवऱ्याला जाऊ नका म्हणाली. तरी तो गेला. का गेला ते त्याने कोणाला सांगितलं नाही, पण मेव्हण्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलला.

कोठड्यांत चित्रं लागणार होती, बराकीत नाचाचे वर्ग, भटारखान्यात कॉफी. संचालिका बाई येता-जाता सांगायची की या भिंती बोलतात. वायरमन दिवसभर त्याच भिंती छिन्नीने फोडत होता. त्याला अजून एक शब्द ऐकू आला नव्हता. बाई मनाने चांगली होती, त्याचा त्याला जास्तच राग यायचा.

पाहुण्यांना फिरवायला तिने तुरुंगातलाच एक निवृत्त हवालदार नेमला होता. जुना गणवेश कडक इस्त्री करून तो यायचा. एकदा तो देणगीदारांना घेऊन नऊ नंबरशी थांबला. आत लाकडी घोड्यावर चढून वायरमन छताच्या दिव्याची जोडणी करत होता. तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला.

हवालदार रंगात आला होता. "इथे एक थाळीवाला होता. दुपारचे चार वाजले की थाळी बडवायचा. चार दिवस. आम्ही त्यावर घड्याळं लावायचो."

पाहुणे हसले. वायरमन खाली उतरला आणि त्याने रुमाल सोडला.

"तो थाळीवाला मी. शेजारच्या कोठडीतल्या म्हाताऱ्याच्या छातीत कळा येत होत्या. चारला पहाऱ्याची पाळी बदलायची, नवा माणूस तरी डॉक्टरला बोलवेल म्हणून बडवायचो. पाचव्या दिवशी का नाही बडवली, ते सांगा यांना."

हवालदार पाहुण्यांना पुढच्या कोठडीकडे वळवू लागला. मग वायरमननेच सांगितलं की पाचव्या दिवशी सकाळी म्हातारा मेला होता.

बाईने त्याला ऑफिसात नेऊन पाणी दिलं. उद्घाटनाला त्याने ही हकिगत स्वतः सांगावी, कोठडीवर त्याचा मोठा फोटो लावू, असं ती म्हणाली. तो म्हणाला, "आधी त्यांनी कोंडलं, आता तुम्ही टांगायला निघालात. लावायचंच तर त्या म्हाताऱ्याचं नाव लावा. कसा मेला तेही लिहा."

दाजींनी चारचौघांत आपलं नाक कापलं म्हणून मेव्हण्याने डोक्यात राख घालून घेतली. दुसऱ्या दिवशी हवालदार वाटेत आडवा आला. माफी मागायला नाही. "तू निर्दोष होतास हे मला काय माहीत?"

"म्हातारा तर गुन्हेगारच होता," वायरमन म्हणाला. "म्हणून मरू द्यायचा?"

पुढचे अकरा दिवस दोघं एकाच बोळात वावरले आणि एकमेकांना बाजू द्यायला कोणी तयार नव्हतं. अर्धवट सोडून पळाला असं कोणी म्हणायला नको म्हणून वायरमनने प्रत्येक बोर्ड दोनदा तपासून काम पुरं केलं. उद्घाटनाला गेला नाही. बाईने जुन्या रजिस्टरातून म्हाताऱ्याचं नाव शोधून पाटी लावली, तेही त्याला बायकोकडून कळलं.

पुढे मुलीने तिथल्या ढोलवादनाच्या वर्गाचा हट्ट धरला. पंधरा दिवस घरात कोणी धड बोलेना. अखेर बायको म्हणाली, "तुमच्या रागापायी तिला का कोंडता?" त्याने परवानगी दिली. नेऊन सोडतो तोच, पण फाटकापर्यंत.

हवालदार अजून तिथेच आहे. एकदा त्याने मुलीला विचारलं, कोणाची गं तू? तिने सांगितलं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. वायरमनला हे कळलं तेव्हा त्याला बरंच वाटलं.