भंतेजींचा हिरवा चहा

आता हे कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहाचा विषय निघाला आणि तुम्ही विचारलंत, "तात्या, तुम्हाला चुलीपाशी का जाऊ देत नाहीत?" तर ऐका. हसायचं तर हसा. मी तेव्हा रडायच्या बेतात होतो.

आमच्या देवळाली प्रवऱ्याला एक जपानी भंतेजी आले होते. नगरचे गायकवाड सर त्यांना गावोगावच्या विहारांत फिरवत होते. दुपारचं जेवण आमच्या घरी झालं. मुक्ताबाईने, म्हणजे आमच्या मंडळीने, पिठलं-भाकरी केली. भंतेजींच्या ताटात भाकरीचा चतकोरही उरला नाही. जाताना त्यांनी झोळीतून एक लहानसा डबा काढून मुक्ताच्या हातावर ठेवला.

डब्यात भुकटी. रंग कसा? नव्या उसाच्या पाल्यासारखा हिरवागार!

गायकवाड सरांनी सांगितलं, "हा त्यांच्याकडचा चहा. माचा म्हणतात. चिमूटभर घ्यायचा, गरम पाण्यात टाकायचा, फेस येईपर्यंत घुसळायचा आणि प्यायचा."

आम्ही तो प्यायलो का? छे! मुक्ताने डबा बुद्धमूर्तीच्या शेजारी फळीवर ठेवला. रोज सकाळी फडक्याने पुसायची. कुणी म्हणालं, "मुक्ताबाई, बघू तरी चव!" की ही म्हणायची, "भंतेजी परत येनार हायेत. त्यांच्या देशाचा चहा माझ्या हातानं त्यांना पाजल्याशिवाय झाकन उघडायचं न्हाई."

जन्मभर दुसऱ्यांच्या उसात खुरपणी केली या बाईने. दारी कधी कुणी मोठा पाहुणा आला नाही. त्या डब्यात नुसती भुकटी नव्हती हो, तिचा सगळा मान होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी जे केलं, ते केलं.

पुढं एकदा चौकातल्या एस्टीडीवर सरांचा फोन आला. भंतेजी येणार! विहाराच्या नव्या खोलीचं उद्घाटन, आणि नंतर चहा आमच्या घरी. मुक्ताच्या अंगात वारं शिरलं. भिंती सारवल्या, पातेली घासली, आणि त्याच घाईत नळावर पाय घसरून पडली. उजव्या मनगटाला प्लास्टर!

उद्घाटनाच्या सकाळी ती विहारात निघाली. महिला मंडळाची तीच पुढारी, तिला घरी थांबून चालणार नव्हतं. दारातून तिने मला बजावलं, "आवो, तुमी फकस्त चूल पेटवून पानी ठिवा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. भंतेजींना घिऊन आले की मी करते डाव्या हातानं."

"बरं," मी म्हणालो.

ती गेली आणि मी चुलीपुढे बसलो. बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, प्लास्टर घातलेल्या हाताने ही बिचारी काय घुसळणार? फेस कसा आणणार? त्यापेक्षा मीच करून ठेवतो. तिने यावं आणि नुसतं कपात ओतून द्यावं. किती खूश होईल!

बघा, इथूनच माझी गाडी चाकोरी सोडून चालली.

डबा खाली घेतला. झाकण उघडलं. पाणी आधणाला ठेवलं, आणि हात थबकला. नुसत्या पाण्यात? म्हणजे कोराच की! अहो, आमच्याकडे कोरा चहा कधी पितात? मयत झालेल्या घरी. त्या घरी कुणी दूध शोधत बसत नाही. आणि आज एवढा आनंदाचा दिवस, साता समुद्रापलीकडचा पाहुणा, त्याच्यापुढे मी मयताचा चहा ठेवू? सर शिकलेला माणूस, पण त्यांना घरच्या गोष्टी काय कळणार! दूध पाहिजेच.

दुसरी गोष्ट. भंतेजी एकटे पिणार आणि आळीतली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघणार? असं आमच्या दारात कधी झालं नाही. एकाला चहा तर सगळ्यांना चहा. मग मी मोठं पातेलं घेतलं. चिमटीने टाकायला लागलो, तर एवढ्या पाण्यात चिमूट दिसेना. चमचा घेतला. तरी रंग फिका. शेवटी म्हटलं, इतके दिवस ठेवून तरी काय करायचंय? आणि डबा उपडा केला.

हो. सगळा. तळाला बोट मारून चिकटलेलंसुद्धा काढलं.

आता दूध. घरची एक शेळी, ती काय पुरणार? म्हणून शेजारच्या बबनकडे गेलो. तो गोठ्यात शेण काढत होता. मी मुळातला सावकाश बोलणारा. माझं वाक्य पुरं होईपर्यंत माणूस एक वाफा भिजवून येतो, असं मुक्ता म्हणते. मी म्हणालो, "बबन… जरा दूध… भंतेजी यायचेत… घट्ट असलं तर…"

"कळलं, तात्या, कळलं!" बबन ओरडला. "भंतेजींसाठी व्हय? मंग साधं दूध दीन का मी? जावा तुमी घरी, धाडतो!"

मला सांगायचं होतं की चहाला पाहिजे. पण तोवर तो पाठ फिरवून आत गेला होता.

थोड्या वेळाने त्याची बायको शांता आली. आमच्या स्वैपाकघरात एक बारकी खिडकी, तिला धुराने काजळी धरलेली. शांताने दारातूनच चरवी आत सरकवली आणि उलट्या पावली निघाली. तिलाही विहारात जायचं होतं. जाता जाता म्हणाली, "तात्या, गूळ न्हाई घातल्याला बरं का! तुमच्या अंदाजानं घाला!"

मला वाटलं, किती मायेची बाई! माझ्या चहात गूळ घालायची आठवणसुद्धा ही करून देते.

चरवीवरचं फडकं काढलं आणि पाण्याच्या दुप्पट भरेल एवढं ते सगळं दूध त्या तोवर कोमट झालेल्या हिरव्या पाण्यात ओतलं. आधीच हिरवं, त्यात दुधाचा रंग कोण बघतो? गूळ फोडून टाकला. दोन वेलदोडे ठेचून टाकले. मग ताकाची रवी घेतली आणि घुसळायला लागलो. काय फेस आला म्हणून सांगू! वर हिरवा फेस, खाली मंद निखारे, वेलदोड्याचा वास. मी स्वतःशीच म्हणालो, तात्या, जन्म चौथी नापासात गेला, पण आज तू जपान जिंकलास!

तेवढ्यात शेळी सुटली. तिला धरून बांधेपर्यंत घटकाभर वेळ गेला. पातेल्यावर मी ताट अर्धवट ठेवून गेलो होतो, रवी आतच होती. परत आलो, ताट उचललं, म्हटलं पुन्हा एकदा घुसळावं. रवीला हात घातला.

रवी फिरेना.

हात सोडला. तर रवी उभीच! कलंडली नाही, हलली नाही. चहात रवी उभी! मी बोटाने दाबून बघितलं. बोटाला चहा लागला नाही. चहाने बोट परत ढकललं.

तुम्हीच सांगा, माणसाने अशा वेळी काय करावं? मी खाली बसलो. आणि बाहेर आवाज आले. माणसं आली होती.

ओसरीवर सतरंज्या भरल्या. मुक्ताचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "बसा समदी! भंतेजींना त्यांच्याच देशाचा चहा हाय आज! माझ्या घरचा!" सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. भंतेजी हसले असावेत, कारण बायकाही हसल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सारवलेली जमीन, तिला साधा तडाही नव्हता.

मुक्ता आत आली. तोंडावर कसला आनंद! "पानी ठिवलं का वो?"

"ठेवलं," मी म्हणालो. "चहाच… केला."

"तुमी केला? कुटं हाय?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. तिने वाकून बघितलं.

"ह्यो चहा?"

"हं."

"ह्यो तर उभा हाय!"

मी ताट पुन्हा वर झाकायला गेलो.

"दूध कुनाचं घातलं?"

"बबनचं."

"आवो, बबनची म्हैस परवाच व्याली की! तुमीच रेडकू बघून आलता न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नुकत्या व्यालेल्या म्हशीचं दूध म्हणजे चीक. त्याला आच लागली की तो थिजतो, त्याचा खरवस होतो. हे दूधपिती पोरंसुद्धा जाणतात. जन्म जनावरांत गेलेल्या मला ते शिकवायला नको होतं. बबनला वाटलं, तात्या भंतेजींना खरवस करून घालणार, म्हणून त्या भल्या माणसाने रेडकाच्या तोंडचा चीक दिला. आणि मी? मी त्याचा चहा केला!

"डबा?" मुक्ताने विचारलं.

मी रिकामा डबा पुढे केला. ओरडली असती तर बरं झालं असतं हो. तिने डबा घेतला, आत बघितलं, आणि चुलीपुढे बसली. पदर डोळ्याला लावला.

"माझ्या हातानं पाजनार हुते," एवढंच म्हणाली. "माझ्या हातानं."

"तुझा हात दुखेल म्हणून…" मी म्हणायला लागलो. पण वाक्य पुरं झालं नाही.

बाहेरून सरांचा आवाज, "मुक्ताबाई, चहा येऊ द्या!"

तिने डोळे पुसले. उठली. "सुरी द्या हिकडं," म्हणाली. आणि डाव्या हाताने चहाच्या वड्या पाडायला लागली. दुसरं करणार काय? ओतता येत नव्हता!

ताटल्या बाहेर गेल्या. मी दाराआड उभा. आळीतल्या सखू आत्याने वडी नाकाशी धरली. "मुक्ते, ह्ये मानसानं खायचं का जनावराला चारायचं?"

बबन तर ताडकन उठलाच. "तात्या! म्या सकाळी ताजा चीक धाडला, त्याला दुपारपर्यंत बुरशी आनली व्हय?"

"बुरशी न्हाई, चहा हाय त्यो," मुक्ता म्हणाली.

"चहा? मंग कप कुटं हायेत?"

"त्याला कप लागत न्हाईत," ती म्हणाली. आवाज असा, की मला पुन्हा शेळीमागे पळून जावंसं वाटलं.

सगळे भंतेजींकडे बघायला लागले. त्यांनी वडी उचलली, उजेडात धरली, तुकडा तोंडात घातला. चावत राहिले. चावत राहिले. मग सरांशी हळू आवाजात काही बोलले. सरांनी रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाले, "भंतेजी म्हणतात, चव ओळखीची आहे. पण चावायला आजच मिळाली."

ओसरी हसली. मुक्ता हसली नाही. ती जमिनीकडे बघत उभी होती, रिकामा डबा हातात तसाच. भंतेजींचं लक्ष त्या डब्याकडे गेलं, मग तिच्या प्लास्टरकडे. ते पुन्हा सरांशी बोलले, या खेपेला जरा जास्त वेळ.

सर म्हणाले, "मुक्ताबाई, ते विचारतात, हा हिरवा चहा त्यांना तिकडे रोजच असतो. तुम्ही लोक घरी पिता तो चहा मिळेल का? हात दुखत असेल तर राहू द्या, पण तुमच्याच हातचा मिळाला तर बरं, म्हणतात."

तिने मान वर केली. काय सांगू तुम्हाला तिचा चेहरा! "हात कशाचा दुखतोय!" म्हणाली आणि पदर खोचून आत वळली. "शांते, शेळीचं दूध आन. आलं ठेच. चल बिगीबिगी!"

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता तरी हिच्या उपयोगी पडू. मी घाईघाईने पुढे झालो, म्हणालो, "मुक्ते… पातेलं… मी धरतो…"

"न्हाई!" मुक्ता ओरडली. तिच्यामागून शांता ओरडली, बबन ओरडला, सखू आत्यासुद्धा ओरडली. सगळी ओसरी एका तोंडाने, "तात्या, न्हाई!"

मी मधेच उभा, ना आत ना बाहेर. तेव्हा भंतेजींनी आपल्या शेजारची सतरंजी हाताने थोपटली. आमच्या जिल्ह्यात घरोघर फिरून ते मराठीचा एकच शब्द शिकले होते. जिथे जातील तिथे लोक त्यांना तोच म्हणायचे. आता त्यांनी तो माझ्याकडे बघून, अगदी मायेने आणि स्वच्छ मराठीत उच्चारला,

"बसा."

बसलो.