निळं पडलेलं आगळ

सोनं पिवळं असतं, असं आपण धरून चालतो. पण त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण करून पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी चक्क लाल दिसतं. माझी पीएच.डी. या लाल पाण्यावर चालली होती. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा इतका नवा होता, की त्या नावाची गाडीसुद्धा अजून यायची होती. रत्नागिरीला घरी मी ‘केमिकल इंजिनीअरिंगमध्ये संशोधन करते’ एवढंच सांगत असे, आणि काकू ते शेजारीपाजारी ‘साबणाचं काहीतरी शिकते’ असं सांगत असे.

एका मे महिन्यात मुंबईच्या आमच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं. वर्षभर लालच्या लाल राहिलेल्या माझ्या दोन बाटल्या होत्या. एवढे दिवस कण एकमेकांना चिकटले नाहीत, हे सिद्ध करायला माझ्याकडे तेवढंच होतं. सुट्टी संपली की त्या परीक्षकांपुढे ठेवायच्या होत्या. “घरी घेऊन जा, पण नजरेआड करू नकोस,” असं गाईडनी बजावलं. एसटीत मी त्या मांडीवर धरून आणल्या, सकाळी पडवीतल्या फळीवर ठेवल्या आणि आंघोळीला गेले.

परत येते तो एक बाटली जागेवर नाही! ती स्वयंपाकघरात काकूच्या हातात होती, आणि आतलं पाणी दौतीतल्या शाईसारखं निळं पडलं होतं.

लाल पाणी, काचेची बाटली आणि मे महिना. आमच्याकडे त्याला कोकमाचं आगळ म्हणणार नाहीत तर काय? आगळ टिकायला त्यात इतकं मीठ घालतात, की ते तळाशी बसलेलं दिसतं. माझ्या बाटलीचा तळ स्वच्छ होता.

“बिनमिठाचं आगळ कुणी दिलंन गो तुला?” काकू म्हणाली. “बुरशी आली असती, म्हणून मूठभर मीठ घातलं. तर हे असं झालं!”

मीठ पडलं की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी निळं होतं. हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण काकूचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती दारातून पडवीकडे बघत होती. तिथे कोपऱ्यात गोणपाटावर वहिनी, म्हणजे काकूची सून, बसली होती. लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. तिला कावळा शिवला होता, म्हणून पाळीचे चार दिवस बाहेर बसायचं.

“ह्या बाटलीला हात लावलास तू?”

“ऊन येत होतं, म्हणून जरा सरकवली.”

“बघ! लोणच्याला, आगळाला शिवायचं नाही, म्हणून सांगितलं होतं ना? नासलं! उद्या येतेच आहे तुझी आई. विचारते तिला, हेच शिकवलंस काय लेकीला?”

मला वाटलं, वहिनी आता हसेल तरी नाहीतर उसळेल तरी. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. माझ्यासारखीच परीक्षानळ्या हातात धरून मोठी झालेली. ती मान खाली घालून म्हणाली, “चुकलंच माझं. आईला नका ना सांगू.”

बाटली गेली त्यापेक्षा मोठा धक्का मला या वाक्याने बसला. माझ्या कानांवर विश्वासच बसेना. वर्षभराची निम्मी मेहनत वाया गेली म्हणून रडायचं, की या दोघींच्या अंगावर ओरडायचं, तेच कळेना. मग मात्र डोकं सणकलं.

“काकू, मिठाने झालंय ते. हातबीत काही नाही.”

“इतकी वर्षं मी आगळात मीठ घालतेय. कधी झालं नाही ते निळं!”

ते आगळ नाही, सोनं आहे, हे मी सांगून पाहिलं. काकूने त्या निळ्या पाण्यात एकदा डोकावून बघितलं आणि मान झटकली. आता उरली होती दुसरी बाटली. परीक्षकांना दाखवायला तेवढीच. क्षणभर हात कचरला. पण उद्या येणाऱ्या आईसमोर वहिनीची मान अशीच खाली राहणार, हे मला सहन होईना. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी ती बाटली उचलून आणली आणि दोघींच्या समोर धरली.

“वहिनी, हिला हात लावला होतास?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“ऐकलंस काकू? आता बघ.”

मी खडेमिठाची चिमूट आत टाकली आणि बाटली हलवली. लाल पाणी जांभळं झालं आणि बघता बघता निळं पडलं. खरं सांगते, छाती अभिमानाने भरून आली होती. इतका चोख प्रयोग मी परीक्षकांपुढेही केला नसता.

काकूने बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचे डोळे कपाळात गेले. एक पाऊल मागे सरून तिने आधी भाताचं पातेलं माझ्यापासून लांब ओढलं.

“अगो बाई! म्हणजे तू पण? आणि सकाळपासून घरभर फिरतेयस!”

वहिनी गोणपाटावर थोडी सरकली आणि तिने माझ्यासाठी जागा केली.