जोशींना फोन करावा लागला

मंडळी, आज मी जोशींना फोन केला. होय, तेच. गणपतीच्या नाटकातून त्यांनी माझा अख्खा प्रवेश कापला, तेव्हापासून शेजारी राहूनही आमचा अबोला होता.

झालं काय, सकाळी ड्राइव्हवेवर हा एवढा स्नो. मी फावडं घेऊन बाहेर आले, तर टाय लावलेली दोन मुलं दारात. मॉर्मन चर्चचे प्रचारक. एक इथलाच, अमेरिकेतल्या युटाचा, दुसरा थेट पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेला. स्नो पहिल्यांदाच बघत होता. माझं फावडं काढून घेऊन दोघांनी सगळा साफ केला.

म्हटलं, आत या, गरम पिठलं-भात खाऊन जा. तर उंबऱ्यातच थांबले. घरात पुरुष नसेल तर बाईकडे आत जायचं नाही, असा त्यांचा नियम. अरे, मी तुमच्या आजीच्या वयाची! तरी नाही.

राबलेल्या पोरांना उपाशी कसं पाठवायचं? नवरा पुण्याला. लावला फोन. "जोशी, घरात एक पुरुष हवाय. लगेच या."

आले. स्वेटर उलटा घालून.

जेवताना टोंगावाला सांगत होता, सोमवारी कपडे धुणं आणि आईला फोन, बाकी सगळा आठवडा दारोदार फिरणं. "या आठवड्यात उघडलेलं हे पहिलंच दार," म्हणाला.

जोशींनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. पिठलं मात्र मी त्यांना न विचारता वाढलं.

तुमच्यापैकी कोणाचा शेजाऱ्याशी अबोला आहे का? सांगा, पोरांना तुमच्याकडे पाठवते.