शिडीवरचे शेषेराव

उदगीरच्या कॉलेजात शेषेराव गायकवाड गणित शिकवायचे आणि शेजारच्या वर्गात मी भूगोल. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या नद्यांमध्ये त्यांचे x आणि y येऊन पडत. समीकरणात दोघं गुंतलेले असले, तर y वेगळा न काढता तसंच विकलन करायचं, हा त्यांचा लाडका धडा. पोरं y² चं 2y लिहून मोकळी होत. मग सर गरजत, "y काय दगड हाय का? x हलला की त्यो बी हलतो. dy/dx चं शेपूट कुठं गेलं?" शेपूट विसरणाऱ्याची ते आठवडाभर टिंगल करत. मला त्याचा भारी राग यायचा.

लातूर नवा जिल्हा झाला आणि सरांना तिथल्या कॉलेजाची स्वप्नं पडू लागली. त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला, तो बायकोला न विचारताच. सिंधुताई उदगीरच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि त्या नोकरीवर त्यांचा जीव होता.

साल दुष्काळाचं. गल्लीतल्या टाकीत पाणी उरलंय का, ते बघायला सर शिडीवर चढले. शिडी सिंधुताईंनी धरली होती. मी घागर घेऊन उभा.

"कोरडी हाय," सर वरून म्हणाले. "लातूरला असली ददात न्हाई. उद्या अर्ज देऊन टाकतो."

"आन् माझी नोकरी?"

"तुझं काय? तू हायसच की."

सिंधुताईंनी शिडीचा पाय जरासा बाहेर ओढला. शिडी करकरली आणि सर टाकीला बिलगून वीतभर खाली घसरले.

"अगं, हलवू नको!"

"मी हलले, तुम्ही का खाली आलात?" ताई शांतपणे म्हणाल्या. "शिडी पाच मीटर. पाय टाकीपासून तीनवर, शेंडा चारवर. जेवताना रोज ऐकते. सांगा, dy/dx किती?"

"उणे तीन छेद चार," सर सवयीनं बोलून गेले. म्हणजे पाय सरकेल त्याच्या पाऊणपट माणूस खाली.

"मग अर्जात माझं शेपूट कुठं हाय?"

खाली उतरल्यावर सरांनी खिशातला अर्ज काढून ताईंच्या हातात दिला. "तुझ्यापाशी ठिव. दोघं मिळून ठरवू."

दुसऱ्या दिवशी पलीकडे कुणीतरी पुन्हा शेपूट विसरलं. मी खडू थांबवून गर्जनेची वाट पाहिली.

"ऱ्हातं कधीकधी," सर म्हणाले. "लाव आता."