वांगेवाल्या आबांचा व्ह्यू

मुलांनो, आपल्या घरामागे वावर असलेले वांगेवाले आबा तुम्हाला आठवतात ना? डोक्याला लाल दुपट्टा बांधणारे? त्यांच्याइतका चिकित्सक माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. वांगं ते दाबून, उलटून, देठ पाहून टोपलीत टाकत आणि नवा शब्दही तसाच पारखून तोंडात घेत.

मागच्या हिवाळ्यात त्यांची कुंपणापलीकडून हाक आली. "बाई, तुम्ही इंग्लिश शिकल्या ना? व्ह्यू म्हंजे का व्हय?"

पुण्यातल्या त्यांच्या मुलाने चौदाव्या मजल्यावर घर घेतलं होतं. "बाबा, वावर विका अन् इकडेच या. काय व्ह्यू आहे!" असं तो रोज फोनवर म्हणे. आबा म्हणाले, "ज्याच्यापायी वावर इकाचं, ते का आहे हे तं समजलं पायजे."

मी सांगितलं, एखाद्या जागेवरून दूरवर जे दिसतं, तो तिथला व्ह्यू. झालं! आबा बोरगावभर व्ह्यू तपासत फिरू लागले. कोणाकडे चहाला गेले की आधी खिडकी उघडत. एका नव्या बंगल्याच्या मालकाला तर, "घर झकास आहे, पन व्ह्यू नाई तुमच्याजवळ. समोर भिंतच भिंत," असं सांगून दुसऱ्यांदा चहा घेऊन आले. मग एकदा हिरमुसून मला म्हणाले, "माह्याच वावराले व्ह्यू काऊन नाई, बाई?"

मी म्हटलं, "सदा वाकलेल्या माणसाला मातीच दिसणार, भाऊ. गच्चीवर चला."

इतक्या वर्षांच्या शेजारात ते प्रथमच आमच्या गच्चीवर आले. ऊन कलत होतं. वाफ्यांतलं पाणी चमकत होतं, विहिरीवरच्या कडुनिंबाची सावली पार मेथीपर्यंत पसरली होती आणि बगळे एकेक पाऊल जपून टाकत होते. आबांचा चहा निवून गेला.

"हे माह्यंच व्हय?" ते हळूच म्हणाले. "मी याच्या आतच होतो न, बाई. मले कोनी सांगतलंच नाई."

वावर त्यांनी विकलं नाही. पुतण्याला ठेक्याने दिलं आणि मुलाचं मन राखायला पुण्याला गेले.

आता संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. "बाई, व्ह्यू दाखवा." मी गच्चीवर जाऊन फोन वावराकडे धरते. त्यांच्या पाठीमागे चौदाव्या मजल्यावरून सगळं पुणं पसरलेलं असतं. त्याच्याकडे ते वळूनही पाहत नाहीत. "जराशी डावीकडं... हां, हीर दिसली. राहू द्या तसंच."

हात भरून येतो, तरी मी धरून ठेवते. विहीर दिसते, कडुनिंब दिसतो, बगळेही येतात. वांग्यांत वाकलेला त्यांचा लाल दुपट्टा तेवढा दिसत नाही. आबांना ती उणीव जाणवत नाही. त्यांनी तो इथून कधी पाहिलाच नव्हता.