अर्ध्या होडीचा प्रयोग

रोह्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. नवरा इथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. तो कंपनीचा वास घेऊन घरी येतो आणि मी धरमतरच्या खाडीचा चिखल, त्यामुळे आमच्यात कोणी कोणाला नावं ठेवत नाही.

माझं संशोधन सांगायला सोपं आहे. खाडीत काहीही बुडवा, आधी त्यावर जंतू बसतात आणि बुळबुळीत थर करतात, एसटीत रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांसारखे. मग शेवाळ, शिंपले, सगळे नातेवाईक चढतात आणि होडी जड होते. मला मात्र खाडीतल्या एका स्वच्छ शेवाळपात्यावर असा जंतू सापडला होता, जो स्वतः बसतो आणि दुसऱ्याला टेकू देत नाही. हा गुण आमच्या स्टाफरूममध्येही आहे, पण तिथे त्याचा अर्क काढता येत नाही. जंतूचा काढता आला.

तो अर्क रंगात मिसळून उन्हाळ्यात पेणजवळच्या एका कोळीदादांच्या होडीला लावला, फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे साधा रंग, म्हणजे फरक दिसेल. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. अनुदान देणाऱ्या दोन साहेबांच्या समितीसमोरच होडी पाण्याबाहेर काढून मोजमाप करायचं, असा समितीचाच नियम होता. फरक दिसला तर मुदतवाढ, नाहीतर माझे जंतू फ्रीजमध्ये कायमचे.

समितीने नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस निवडला. भर पावसाळ्यात पेणला यायची ही हौस कसली, ते गाडीतून उतरल्यावर कळलं. दोन्ही साहेबांना घरचा गणपती बुक करायचा होता. एकेक कारखाना पालथा घातला. डोळ्यांची रेघ, सोंडेचा बाक, सगळं चष्मा वर करून तपासलं. माझ्या अहवालाचं मुखपृष्ठ तरी असं बघा, असं मनात म्हणत मी छत्री धरून उभी होते.

दुपारी खाडीवर पोचलो. होडी काठावर होती, गळ्यात झेंडूची माळ, आणि दोन्ही अंगांना एकसारखा चकचकीत निळा रंग. मोजायला काहीच उरलं नव्हतं.

होडीला हात लावायचा नाही, असं मी कोळीदादांना बजावलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, सणाला घाणेरडी होरी पुजायची कशी? आनि तुमच्या बाजूला तासायला कायच लागला नाय. दुसऱ्या बाजूनं हात सोलले." त्यांनी तळवे दाखवले.

मला क्षणभर नाचावंसं वाटलं. तीन वर्षं ज्या वाक्यासाठी राबले, ते हेच होतं. मी साहेबांकडे वळले. साहेब म्हणाले, हे ऐकीव झालं, सोललेले तळवे कुठल्या रकान्यात घालणार? त्यांनी 'फरक आढळला नाही' असं लिहिलं. होडीकडे बघून ते खोटं म्हणायचीही सोय नव्हती. मग गणपतीचा रंग ओलाव्याने उतरत नाही ना, एवढं मला विचारून ते गेले.

कोळीदादांवर राग काढायचा म्हणून मी वळले, तर तेच म्हणाले, "पुढच्या टायमाला दोनी बाजूंना लावा."

माझ्या संशोधनाची मागणी करणारा हा पहिलाच माणूस. त्याला मी सांगितलं, की प्रकल्प बंद झाला, ते औषध आता होणार नाही.

त्यांनी होडीच्या डाव्या अंगावरून हात फिरवला. "म्हंजे आता ह्याबी बाजूला तासायचा."

मी व्हय म्हटलं, आणि मला रडू आलं.