मीटिंगवाल्या वहिनी

गावात बायकांचं मत हवं असलं की वहिनींना बोलावणं यायचं. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. शेती संशोधन केंद्राची माणसं मीटिंग घ्यायची भर सकाळी, आणि भर सकाळी खुर्चीत येऊन बसायला मोकळी अशी बाई एकच होती. बाकीच्या तेव्हा शेतात वाकलेल्या असायच्या, त्यातल्या निम्म्या वहिनींच्याच शेतात.

म्हणून बियाण्यापासून पाण्यापर्यंत सगळ्यावर बायकांचं म्हणणं वहिनी सांगायच्या. खुरपून खुरपून आम्हां बायकांची कंबर मोडते हो, असं म्हणताना त्यांचा आवाज असा काही दाटून यायचा की केंद्राचे साहेब चहाचा कप खाली ठेवायचे. वहिनींनी शेवटचं खुरपं हातात धरलं होतं ते अंगणातून उचलून कोपऱ्यात ठेवायला.

घरात मात्र त्यांच्या मताला कुत्रं विचारत नव्हतं. शेतात काय पेरायचं ते नवरा ठरवणार, घरात काय शिजवायचं ते सासूबाई. अंघोळीला जरा वेळ लागला तर सासूबाई बाहेरून कडी वाजवायच्या. एवढ्या मोठ्या जगात वहिनींचं वाक्य मधेच तोडलं जात नसे ते फक्त मीटिंगमध्ये.

त्यात यंदा साहेबांनी तोंडाला पाणी सुटेल असं काही सांगितलं. केंद्रानं बायकांसाठी खास चाकाचं कोळपं बनवलं होतं. उभ्याउभ्या ढकलत न्यायचं, तण निघत जातं. बायकांना ते पसंत पडलं की शहरातल्या परिषदेत जाऊन वहिनींनी तसं बोलायचं. राहायला हॉटेल, स्वतंत्र खोली, खोलीला स्वतःची न्हाणी. वहिनींना परिषद ऐकूच आली नाही, न्हाणी तेवढी ऐकू आली. साहेबांसमोर नाही म्हणायची नवऱ्याची हिंमत झाली नाही.

कोळपं आलं आणि वहिनींच्याच भुईमुगात उतरलं. वहिनींनी ते सरसर ढकललं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आता जेवायला जायचं, तर त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली मॅडम म्हणाली की रोज खुरपणाऱ्या बायकांनाही चालवून बघू दे.

पुढे आली ठेंगणी मावशी. स्वतःचं वीतभर रान नाही, नवरा कधीच गेलेला. गावानं तिला चार हात लांब ठेवलेलं, पण तण माजलं की पहिली हाक तिलाच. कोळप्याची मूठ तिच्या हनुवटीखाली आली. पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून तिनं ते ढकललं, थोडं पुढं जाऊन खांदा धरून बसली. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. लहानपणापासून अर्ध्या पोटी वाढलेल्या सगळ्याजणी, उंची येणार कुठून?

साहेब गोंधळले. माप तर घेतलं होतं, इथल्या सर्वसाधारण बाईचं, गेल्या वर्षी मीटिंगमध्येच. मॅडमनं विचारलं, मीटिंगला कोण कोण होतं? सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या.

"वहिनी, माप तुमचं, तर ढकलायचंही तुम्हीच," मावशी म्हणाली. बायका खदखदून हसल्या. जीपचा ड्रायव्हरसुद्धा तोंड फिरवून हसला.

वहिनींचे कान तापले. बांधावर नवरा भलत्याच खुशीत होता. आता निम्म्या बायकांत काम उरकेल, असं तो कुणाला तरी सांगत होता. साहेबांना भूक लागली होती. बारीकसारीक दुरुस्त्या नंतर बघू, ते म्हणाले, एकूण बायकांना पसंत आहे असंच धरायचं ना, वहिनी?

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. त्याच्या पलीकडे ती न्हाणी होती. मावशी त्यांच्याकडे बघतही नव्हती, खांदा चोळत होती. उद्या हेच ढकलायला लागणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. वहिनींना राग आला. साहेबांचा, मावशीचा, आणि सगळ्यात जास्त त्या न्हाणीचा.

"पसंत आहे असं लिहा," त्या म्हणाल्या, "पण बायकांना नका लिहू. एका बाईला पसंत आहे, असं लिहा."

साहेबांना ती थट्टा वाटली. "एका बाईवर काय होतंय, वहिनी?"

"आजवर होतच होतं की."

मॅडमनं संध्याकाळी, काम सुटल्यावर, बांधावरच सगळ्यांची मापं घेतली. साहेब चार दिवस फुगून बसले. मग मॅडमनं त्यांना पटवलं की शहरात कुणी बोलायचं असेल तर जिच्यासाठी कोळप्याचा दांडा कापून आखूड करायचा तिनंच बोलावं. मावशीचं जाणं ठरलं. नवऱ्यानं वहिनींशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी त्याच्या वाटचंही बोलून घेतलं.

जायच्या दिवशी वहिनी रस्त्यापर्यंत आल्या. मावशी सवयीनं जीपच्या मागच्या बाजूला, सामानात चढायला लागली.

"मागं कुठं चाललीस? पुढं बस," वहिनी म्हणाल्या.

"पुढं साहेबांची बॅग आहे."

"बॅगेला कुणी बोलायला बोलावलंय का?" वहिनींनी बॅग उचलून मागे टाकली. मावशी अंग चोरून पुढच्या सीटच्या कडेला टेकली.

"नीट बस. सगळी सीट घे," वहिनी म्हणाल्या, आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.